ललितामावशीची साक्ष

कर्वेनगर, पुणे
१७ ऑगस्ट २०२५

चि. शुभंकर आणि चि. सौ. उत्कर्षा,

आशीर्वाद दोघांनी सारखे वाटून घ्या, भांडू नका.

मावशी फोन का उचलत नाही म्हणून तू तुझ्या आईकडे परभणीला चौकशी केलीस म्हणे. अरे, मी धडधाकट आहे. फक्त व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकलंय आणि अनोळखी फोन घेणं बंद केलंय. आमच्या खालच्या मजल्यावरच्या प्रधानबाई तुला आठवत असतील. त्यांना कुणीतरी पोलीस अधिकारी बनून दोन दिवस घरात डांबून ठेवलं. फोनवरून! बाई एम.ए. आहेत, पण कॅमेऱ्यासमोर खुर्ची टाकून बसून राहिल्या, दूधवाल्यालासुद्धा दार उघडेनात. मी जाऊन बेल बडवली तेव्हा सुटल्या. तेव्हापासून सोसायटीत मीच सगळ्यांचे क्लास घेते. परक्याला नाव सांगायचं नाही, कुणाला ओळखते म्हणायचं नाही, 'हो' हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. म्हणून आता तुझ्याशी ईमेलवर पत्रव्यवहार. टायपिंग माझं अजून तुझ्यापेक्षा चांगलं आहे.

आणि गंमत ऐक. परवा माझीच परीक्षा झाली. तुझ्या काकांच्या शिवाजीनगरच्या ऑफिसात बसले होते, तर दिल्लीच्या नंबरावरून फोन. अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी. म्हणे, आम्ही दूतावासातून बोलतोय, शुभंकर टाकळकर तुमच्याकडे नोकरीला होते का? मेल्यांनी तुझं नाव कुठून मिळवलं देव जाणे. मी म्हटलं, या नावाचा कुणी माणूस आमच्याकडे कधीच नव्हता. तो म्हणे, तुमच्या सहीचं प्रमाणपत्र आहे आमच्याकडे. म्हटलं, माझी सही शेंबडं पोरही करेल, प्रमाणपत्र खोटं आहे, तुम्हीही खोटे आहात, फोन ठेवा नाहीतर सायबर पोलिसांकडे जाते. तर तो चक्क 'थँक्यू मॅडम' म्हणाला. चोर आणि थँक्यू! प्रधानबाईंना सांगितलं तर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुझ्या त्या कॅनडातल्या कायमच्या वास्तव्याच्या अर्जाचं काय झालं? तू म्हणालास की ते ऑफिसच्या ईमेलवर विचारतील. मी सकाळ-संध्याकाळ बघते, अजून काही आलेलं नाही. आलं की कळवीनच ठणकावून, तीन वर्षं होता म्हणून. उत्कर्षाला सांग, डोहाळे लागले असतील तर लाजू नको, डिंकाचे लाडू पाठवते.

तुझी,
ललितामावशी


विनिपेग
६ सप्टेंबर २०२५

ती. मावशी,

सा. न. हे पत्र मी चारदा लिहून खोडलंय, त्यामुळे आता सरळ लिहितो.

तो फोन खरा होता. अर्ज तपासणारे अधिकारी अनुभवाची खात्री करायला दिल्लीच्या कार्यालयातून कधीकधी फोन करतात. मला हे माहीत नव्हतं, म्हणून मी तुला फक्त ईमेलचं सांगून ठेवलं. चूक माझी आहे.

काल त्यांचं पत्र आलं. त्यात लिहिलंय की तुमच्या मालकिणीने तुम्हाला ओळखत नसल्याचं आणि प्रमाणपत्र खोटं असल्याचं सांगितलं, तरी तीस दिवसांत तुमचं म्हणणं मांडा. त्यांना पटलं नाही तर खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसेल. अर्ज गेलाच, वर पाच वर्षं या देशाकडे बघायचंही नाही. माझा कामाचा परवाना डिसेंबरअखेर संपतो. उत्कर्षाचा माझ्यावरच अवलंबून आहे. फेब्रुवारीतली तारीख दिलीय डॉक्टरांनी. परवाने गेले की इथलं औषधपाणी बंद, आणि तोवर दिवस भरत आलेले, म्हणून तिला विमानात बसू देणार नाहीत.

तुझं पत्र उत्कर्षाने मोठ्याने वाचलं. 'थँक्यू मॅडम'पर्यंत आम्ही दोघं हसत होतो. मग तिच्या लक्षात आलं आणि ती उठून आत गेली.

पुण्यात अ‍ॅड. प्रियदर्शनी खांबेटे म्हणून आहेत, भांडारकर रस्त्यावर. परदेशी व्हिसाचीच कामं करतात. त्यांना मी सगळं कळवलंय. तू त्यांना भेटशील का?

तुझा,
शुभंकर


कर्वेनगर, पुणे
९ सप्टेंबर २०२५

शुभंकर,

माझी जीभ झडायला हवी होती रे. ज्या पोराने माझ्यासाठी एवढं केलं, त्याला मी ओळखतच नाही म्हणाले, आणि वर सोसायटीत फुशारक्या मारत फिरले. प्रधानबाईंना काल जाऊन सांगितलं. त्यांनी चहा केला.

खांबेटेबाईंना भेटले. तुझ्याएवढीच असेल, पण बोलणं करवतीसारखं. म्हणाली, नेमणूकपत्र? म्हटलं, नाही. पगाराची पावती? नाही. बँकेतून पगार? नाही, पाकिटात घालून हातात द्यायचे. मग म्हणाली, "काकू, तुमचं ऑफिस करसल्लागाराचं होतं ना? लोकांना 'कागद ठेवा, कागद ठेवा' म्हणून सांगणारं?" बहिणीचा मुलगा, आपल्याच घरात राहतो, आपल्याच ताटात जेवतो, त्याला कसलं नेमणूकपत्र द्यायचं! तुझे काकाच म्हणाले होते, पोराला परकं वाटेल.

शेवटी तिने माझं प्रतिज्ञापत्र केलं. फोनवर मी भीतीपोटी खोटं बोलले, शुभंकर हा माझे यजमान कै. दत्तप्रसाद रिसबूड यांच्या ऑफिसात तीन वर्षं हिशेबनीस होता, प्रमाणपत्र माझंच आहे. प्रधानबाईंच्या पोलीस तक्रारीची नक्कलही जोडली, म्हणजे भीती कसली ते कळेल. ती म्हणते की ते पुन्हा फोन करतील, या वेळी मी तिच्या ऑफिसात तिच्याशेजारी बसून बोलायचं. 'विचारतील तेवढंच सांगा' असं तीन वेळा बजावलं. मी काय शाळेत आहे?

आता काही लपवणार नाही, बाळा. असेल नसेल ते सगळं खरं सांगेन. उत्कर्षाला म्हणावं, मावशीवर रागाव हवं तर, पण जेव वेळेवर.

ललितामावशी


भांडारकर रस्ता, पुणे
४ ऑक्टोबर २०२५

श्री. शुभंकर टाकळकर यांस,

काल अधिकाऱ्यांचा फोन आला. काकू माझ्याशेजारी होत्या, स्पीकर चालू होता. सुरुवात अपेक्षेपेक्षा चांगली झाली. आधीच्या फोनवर खोटं बोलल्याचं कारण त्यांनी नीट सांगितलं. त्या अधिकारी बाईंनी ते ऐकून घेतलं, बहुधा पटलंही. हा प्रश्न संपला असं मी वहीत लिहीतही होते.

मग त्यांनी सहज विचारलं, तीन वर्षं सलग काम केलं का? 'हो' एवढंच उत्तर होतं. काकू काय म्हणाल्या ते जसंच्या तसं देते:

"अहो, नुसतं काम काय विचारता? माझे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा हा मुलगा आठ महिने त्यांच्या उशाशी बसून होता. लॉकडाउन होता, ऑफिसला कुलूप. एका फायलीला हात लावला नाही त्याने. आणि मी त्याचा पगार एक महिनासुद्धा थांबवला नाही. असा मुलगा तुमच्या देशाला मिळतोय, नशीब समजा."

टेबलाखालून मी त्यांचा हात दाबला. त्यांनी माझाच हात हातात घेतला आणि बोलत राहिल्या. पलीकडे कीबोर्डचा आवाज येत होता.

तुम्ही अर्जात सलग तीन वर्षांच्या कामाचे गुण घेतले आहेत. त्यातून आठ महिने वजा झाले तर गुण पुरत नाहीत, आणि प्रमाणपत्रात 'सलग' लिहिल्यामुळे खोट्या माहितीचा आरोप पुन्हा उभा राहतो. आज सकाळीच त्यांचं दुसरं पत्र आलं. त्या आठ महिन्यांचा खुलासा पंधरा दिवसांत करायचा आहे.

काकूंना मी हे सांगितलेलं नाही. 'आता कसं मोकळं वाटतंय' म्हणाल्या, जाताना मला पेढे देऊन गेल्या. तुम्हाला विचारते आणि खरं उत्तर हवं आहे: मार्च ते नोव्हेंबर २०२० तुम्ही काम केलंत की नाही?

आपली,
प्रियदर्शनी खांबेटे


विनिपेग
५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय मॅडम,

केलं. रोज केलं. आणि मावशीला ते माहीत नाही.

काकांना यकृताचा कॅन्सर निघाला तेव्हा मावशीने ठरवून टाकलं की कामानेच त्यांचं वाटोळं केलं. तिने ऑफिसला कुलूप लावलं आणि घरात सांगितलं, एक जरी फाईल दिसली तर गॅसवर जाळीन. जाळलीही असती. काकांनी तिला सांगितलं, सरकारने सगळ्या तारखा पुढे ढकलल्यात, आता कशाचीच घाई नाही. तिला ते खरं वाटलं.

पण काही तारखा पुढे गेल्या तरी लोकांची कामं थांबत नाहीत. दुपारी मावशी जेवून पडली की काका डोळे उघडायचे आणि विचारायचे, "वाघोलीच्या हार्डवेअरवाल्याचं झालं का रे?" मी लॅपटॉप त्यांच्या पोटाशी उशीवर ठेवायचो. लोक कागदांचे फोटो माझ्या फोनवर पाठवायचे. काका आकडे तपासायचे, चुकलं की हळू आवाजात शिव्या घालायचे. त्या आठ महिन्यांत त्यांचा चेहरा फक्त तेवढ्या दोन तासांत फुलायचा. ते गेले त्या आठवड्यातसुद्धा खडकीच्या मैनुद्दीनभाईंचं रिटर्न त्यांनी स्वतः पाहिलं. सगळं काकांच्याच नावाने भरलेलं आहे, माझं नाव कुठेच नाही. मैनुद्दीनभाई, हार्डवेअरवाले, आणखी दोघं-तिघं सांगतील की काम मी करत होतो.

तुम्ही म्हणाल, मावशीलाच खरं सांगून तिचा जबाब घेऊ. तेवढं करू नका. काका गेल्यावर ती एकच गोष्ट धरून उभी राहिली. येईल-जाईल त्याला सांगायची, "शेवटचे आठ महिने तरी मी त्यांना त्या फायलींमधून सोडवलं. शेवट शांततेत गेला." अजूनही सांगते. तिला आता कसं सांगू की तुझी पाठ वळली की ते कामच करत होते, आणि मी तुझ्या घरात राहून तुझ्याशी खोटं वागत होतो?

उत्कर्षाला हे पटत नाही. ती म्हणते, मावशींना एकदा दुःख होईल, आपलं मात्र सगळं जाईल. तिचं चूक नाही. पण माझी जीभ रेटत नाही.

आपला,
शुभंकर


भांडारकर रस्ता, पुणे
१० ऑक्टोबर २०२५

श्री. शुभंकर,

पाच जणांचे जबाब झाले. मैनुद्दीन शेख स्वतः दुकान बंद करून आले. त्यांनी मोबाइलमधले तेव्हाचे तुमचे संदेश दाखवले, ते आपल्याला फार उपयोगी आहेत. आज सगळं सादर केलं आहे. माझ्या मते आपली बाजू उभी राहते, कारण काकूंनी फोनवर जे सांगितलं ते गैरसमजुतीतून, असं आपण म्हणू शकतो.

पण एक लक्षात घ्या. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, तुम्हाला ओळखत नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या, ओळखते पण आठ महिने काम नव्हतं. मालकिणीकडून आता एक शब्द जरी या जबाबांच्या विरुद्ध गेला, तर अधिकारी सगळेच जबाब बनावट मानतील. मग मला काहीही करता येणार नाही. माझा सल्ला अजून तोच आहे: काकूंना सांगा. तुमचा निरोप येईपर्यंत मी गप्प राहते, कारण अशील तुम्ही आहात.

प्रियदर्शनी खांबेटे


विनिपेग
११ ऑक्टोबर २०२५

ती. मावशी,

सा. न. तू फोनवर छान बोललीस असं मॅडमनी कळवलं. मागच्या गोष्टीचं ओझं आता डोक्यावरून उतरव.

निकाल अजून नाही. तुझ्या बोलण्याचा त्याच्याशी संबंध नाही, इथले नियमच बदललेत. गुणांची मर्यादा वाढवलीय आणि माझे काठावर आहेत. हे लोक शेवटी आकडे बघतात, माणूस बघत नाहीत. त्यामुळे आता तू काही करायचं नाहीस. दिवाळी आलीय, चकल्या कर, प्रधानबाईंना दे. आम्ही ठीक आहोत. उत्कर्षाच्या पायांना सूज येते, पण डॉक्टर म्हणतात चालायचंच.

मावशी, काकांची आठवण येते.

शुभंकर


कर्वेनगर, पुणे
१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

चि. शुभंकर आणि चि. सौ. उत्कर्षा,

दिवाळीचे अनेक आशीर्वाद. पहिली पणती लावली आणि लिहायला बसले.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून एकच वाक्य डोक्यात घोळत होतं. आकडे बघतात, माणूस बघत नाहीत. म्हटलं, बघत कसे नाहीत? कुणी दाखवला तर बघतील ना! त्या खांबेटेबाईला हे जमणार नाही. हुशार आहे, पण माझं प्रत्येक वाक्य छाटते. तेव्हा मी तिला न विचारता काल कोर्टाजवळच्या नोटरीकडे गेले आणि स्वतःचं प्रतिज्ञापत्र स्वतः करून आणलं. स्वतः टाइप केलं, इंग्रजीतून. तुझा फाईल नंबर घातला आणि त्या अधिकारी बाईंच्या पत्त्यावर ईमेल केलं. चोरून काही नाही हं, आता सगळं उजळ माथ्याने.

काय लिहिलं सांगू? सगळं लिहिलं. माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले आणि त्यात स्वतःकडे बघायचं राहून गेलं. शेवटी मी फायलींचं कपाट बंद केलं, किल्ली कमरेला लावली, आणि त्या आठ महिन्यांत त्या माणसाला काम दिसू दिलं नाही. आणि तू, ऐन उमेदीचा मुलगा, नोकरी बाजूला ठेवून त्यांचं सगळं केलंस, अंग पुसलंस, भांडं धरलंस. दुपारी मी जरा पडायचे तेव्हा तुम्हा दोघांची आतून कुजबुज ऐकू यायची. बरं वाटायचं रे. म्हणायचे, चला, गप्पा मारताहेत. कधीकधी हे हसायचेसुद्धा. तेही लिहिलं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम घातली. परवा लक्ष्मी रस्त्यावर मैनुद्दीनभाई भेटले. म्हणतात कसे, "भाभी, शुभंकरने त्या साली आमचं रिटर्न भरलं होतं, मी वकीलबाईंना सांगून आलोय." मग एकदम विषयच बदलला. वय झालं त्यांचं, साल विसरतात. पण ते चांगल्या मनाने काहीबाही सांगून बसले असतील आणि तुझ्यावर पुन्हा खोटेपणाचा ठपका यायचा! एकदा माझ्यामुळे आला तेवढा पुरे. म्हणून मी स्पष्ट लिहिलं, नावानिशी: मैनुद्दीन शेख किंवा आणखी कुणी म्हणत असेल की या आठ महिन्यांत शुभंकरने काम केलं, तर ते साफ चुकीचं आहे, मी त्या घरात होते, मला माहीत आहे. शपथेवर लिहिलंय.

आज सकाळीच त्यांचं उत्तर आलं. दोनच ओळी आहेत, पण उत्तर आलं! आपलं निवेदन मिळालं, ते अर्जाला जोडलं असून निर्णय घेताना विचारात घेतलं जाईल. बघ, मनापासून सांगितलं की माणसं ऐकतात. खांबेटेबाईला आता फोन करून सांगणार आहे, जरा चिडेल.

इतक्या दिवसांत काल प्रथम मला नीट झोप लागली. उत्कर्षा, पाय उशीवर ठेवून झोपत जा आणि काळजी सोड. बाळंतपणाला मी येते आहे. पासपोर्टचा अर्ज भरलाय.

तुमची,
ललितामावशी